बाईंचे नापास फोटो: झूम कॅमेरा, कवडीपाट आणि एक टळलेली खरेदी

पार्श्वभूमी

आमच्या सोसायटीत गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. शाळा सुटून आठ वर्षं झाली, तरी वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतात. इथेही तेच नाव ठेवतो. वय पासष्टच्या पुढे, उजवा खांदा थंडीत धरतो. पहाटे पाचला उठायची सवय मात्र सकाळच्या शाळेपासूनची, ती काही सुटलेली नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या मुलाने त्यांना झूम कॅमेरा घेऊन दिला. लेन्स बदलता न येणारा, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, खोक्यावर ‘६५ एक्स’ असं ठळक छापलेलं. पूर्ण लांबवला की ही लेन्स १३६५ मिलिमीटरच्या बरोबरीची होते. मोठ्या कॅमेऱ्याला एवढी लेन्स लावायची तर ती उचलायला हमाल करावा लागेल. निमित्त होतं बाल्कनीसमोरच्या शेवग्याचं. त्याच्या फुलांवर शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, येतो आणि तो बंगळुरूच्या नातवाला दाखवायचा होता. शिंजीर राहिला बाजूला. महिन्याभरात बाई पुण्यातली वेताळ टेकडी, पाषाण तलाव आणि रविवारी शहराबाहेरचं कवडीपाट अशा हिंडायला लागल्या.

मी छायाचित्रकार नाही. दुर्बीण घेऊन फिरणारा, वहीत नोंदी करणारा आणि त्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवणारा माणूस. माझ्याकडेही तसलाच एक झूम कॅमेरा आहे, पण तो पक्ष्याची ओळख पटवण्यापुरता. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी दिलेले दोन सल्ले साफ चुकले.

अडचण

जानेवारीतल्या एका संध्याकाळी बाई लॅपटॉप घेऊनच आल्या. “हा कॅमेरा काढून टाकायचा आणि मोठा घ्यायचा. किती बाजूला ठेवू, तेवढं सांग.” विचारणं नव्हतंच ते. निर्णय झालेला होता, फक्त आकडा हवा होता.

फोटो खरंच वाईट होते. पांढरा धोबी म्हणजे राखेचा फराटा. वेड्या राघूच्या मागची बाभळीची काटकी काट्यांसकट लख्ख, आणि राघू नुसता हिरवा डाग. गायबगळा ट्यूबलाइटच्या तुकड्यासारखा, पिसाची एक रेघ दिसेल तर शपथ. तारेवरचा कोतवाल काळा कागद कापून आभाळावर चिकटवल्यासारखा. चक्रवाकांचा थवाही होता, पण ते खारे शेंगदाणे आहेत असं सांगितलं असतं तरी मी मानलं असतं.

बाई एका दुकानात जाऊन आल्या होत्या. तिथे ऐकलं ते असं: “मॅडम, या सेन्सरला एवढंच येणार.” हे अगदीच खोटं नाही. या जातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला तुकडा, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. मोठ्या, फुल फ्रेम म्हणतात त्या कॅमेऱ्याचा ३६ बाय २४ चा. क्षेत्रफळाचा भागाकार बाईंनी तिथेच तोंडी केला: तीसपट. एवढ्याशा जागेवर पडणारा उजेड कमी, त्यामुळे सावलीत फोटो दाणेदार होतात, आणि ते कुठलंही बटण दाबून थांबत नाही. पण बाईंचे फोटो दाणेदार नव्हते. ते हललेले होते, चुकीच्या जागी फोकस झालेले होते, जळलेले होते. दुकानात ज्या दोषाचं नाव घेतलं गेलं तो त्यांच्या फोटोंत जवळजवळ दिसतच नव्हता.

मला खटकलं ते आणखी वेगळं. दोन-अडीच महिने रोज हिंडून लॅपटॉपवर फोटो जेमतेम साठ. कारण बाई रोज रात्री वाईट फोटो पुसून टाकत. मी म्हणालो, “बाई, मग चुका कुठे आहेत हे कळणार कसं?” त्या थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी पेपर न तपासताच नापास केलं, असं म्हणतोस.”

समोरचे पर्याय

पहिला, खरेदी. लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा आणि १५० ते ६०० मिलिमीटरची लेन्स. सगळं मिळून दीड लाखाच्या पुढे. बाईंची ऐपत होती आणि मुलाचीही तयारी होती, त्यामुळे पैसा हा खरा अडसर नव्हताच. अडसर होता खांदा. अशी नुसती लेन्सच दोन किलोच्या आसपास भरते, वर कॅमेऱ्याचं वजन. ती घेऊन बाई रविवारी कवडीपाटला येतील, पण मंगळवारी सहज टेकडीवर नेतील का? मला वाटत होतं, नेणार नाहीत. आणि ज्या कॅमेऱ्याने मंगळवारी टेकडीवर जायचं बंद होतं, त्याने कितीही चांगला फोटो काढला तरी काय उपयोग?

दुसरा, भिगवणचं पक्षी छायाचित्रणाचं दोन दिवसांचं शिबिर. त्याची जाहिरात बाईंनी कापून ठेवली होती. वाईट नव्हतं, पण तिथे बहुतेक सगळे मोठ्या लेन्सवाले येतात आणि शिकवणंही त्याच हिशोबाने होतं.

तिसरा, जोडसामान. ट्रायपॉड आणि लेन्सच्या पुढे लावायची भिंगं. भिंगांचा विषय लगेच संपवला, कारण आहे त्या काचेपुढे आणखी एक स्वस्त काच लावून फोटो सुधारत नाही. ट्रायपॉडला मात्र मी होकार दिला. सल्ला चुकला तो इथे, त्याबद्दल पुढे सांगतो.

चौथा पर्याय मी मांडला. होळीपर्यंत ट्रायपॉड सोडून काही घ्यायचं नाही आणि काही पुसायचंही नाही. होळीनंतर वाटलं तर मोठा कॅमेरा घ्या, दुकानात मी बरोबर येतो. बाईंना हे पटलं नव्हतं, पण ‘होळीपर्यंत’ या मुदतीवर त्या तयार झाल्या. मुदत नसती तर पुढच्याच आठवड्यात खरेदी झाली असती.

तपासणी

तीन आठवड्यांनी बाई फुलस्केप वही घेऊन आल्या. तिच्यात उभे रकाने: हात हलला, पक्षी हलला, फोकस दुसरीकडे, उजेड चुकला, फार लांब, ठीक. दर दुसरा फोटो घेत त्यांनी दोनशे फोटो तपासले होते. प्रत्येकासमोर शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवला होता) आणि झूम किती होता ते लिहिलेलं. ही माहिती फोटोच्या फाइलमध्येच असते, कुठून शोधावी लागत नाही.

कुठला दोष कुठल्या रकान्यात टाकायचा यावर आम्ही बराच वाद घातला. शेवटी ठरलं ते असं. चौकटीतलं सगळंच, पान, दगड, पक्षी, एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. दगड स्वच्छ आणि पक्षी पुसट, तर पक्षी हलला. पक्षी पुसट पण त्याच्या पुढची किंवा मागची काडी लख्ख, तर फोकस चुकला. काहीच स्वच्छ नाही, ओढल्याची खूणही नाही, आणि पक्षी चौकटीत मुंगीएवढा, तर लांब. धूसर फोटो सगळे सारखेच दिसतात, पण मोठे करून शांतपणे पाहिले तर त्यांतला बहुतेक प्रत्येक जण आपला गुन्हा कबूल करतो.

निम्म्याहून थोडे जास्त फोटो पहिल्या दोन रकान्यांत पडले. त्यांच्यासमोरचे शटर स्पीड बाईंनी लाल पेनाने गोल केले होते: १/६०, १/८०, १/१०० सेकंद. कॅमेरा पहिल्या दिवसापासून ऑटोवर होता. ऑटोला समोर पक्षी आहे हे कळत नाही. तो बिचारा आयएसओ कमी ठेवून फोटो गुळगुळीत यावा म्हणून शटर सावकाश उघडा ठेवतो आणि हाताची थरथर सांभाळायला आतली स्थिरीकरणाची सोय आहे यावर विसंबतो. ती सोय हात सांभाळते. धोब्याची शेपटी कोण सांभाळणार? तो तर उभा असतानाही शेपटी हलवतो.

साधारण पाव फोटो फोकसच्या रकान्यात गेले, उरलेल्यांत बरेचसे ‘फार लांब’मध्ये. कॅमेराच अपुरा पडला असं ठामपणे म्हणता येईल असे दोनशेत डझनभर निघाले. ते सगळे दाट झाडीतले, सकाळी साडेसहाच्या आतले.

पहिला निर्णयाचा क्षण हा. मला सगळं एकदम सुधारायचं होतं, मी तर सेटिंगची यादीच काढून ठेवली होती. बाईंनी ती बाजूला सारली. “एका वेळी एक धडा. नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.” चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईचं ऐकावं.

एकेक बदल

पहिला आठवडा फक्त शटरचा. डायल ऑटोवरून शटर प्राधान्यावर, आकडा १/५००, आयएसओ कॅमेऱ्याने ठरवायचा. लगेच तक्रार आली: फोटो दाणेदार दिसतायत. दिसणारच. पूर्ण झूमवर या लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ ६.५ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा जितका मोठा, तितकं तोंड बारीक). भर उन्हात आयएसओ १०० वर १/६०० पर्यंत निभावतं, पण सकाळच्या कोवळ्या उन्हात १/५०० हवं असेल तर आयएसओ ४००-५०० वर जातोच, सावलीत ८०० च्या घरात. बाईंना दाणे सहन होत नव्हते. मी एकाच धोब्याचे दोन फोटो शेजारी लावले, एक १/८० चा गुळगुळीत आणि एक १/५०० चा दाणेदार. दुसऱ्यात डोळा होता, पहिल्यात नव्हता. त्यानंतर दाण्यांचा विषय निघाला नाही.

याच आठवड्यात कुणीतरी त्यांना सांगितलं की अ‍ॅपर्चर एफ ८ केलं की फोटो कातीव येतो. मोठ्या कॅमेऱ्यावर हा सल्ला बरेचदा लागू पडतो. इथे उलटा बसतो. एवढ्या लहान सेन्सरवर छिद्र बारीक केलं की प्रकाश त्याच्या कडेवरून वाकून पसरतो आणि बारकावे आणखी मऊ होतात. शिवाय एफ ६.५ वरून ८ वर गेलं की उजेड एक तृतीयांश घटतो. या कॅमेऱ्यांचं तोंड होईल तेवढं उघडंच ठेवावं.

दुसरा आठवडा ट्रायपॉडचा, म्हणजे माझ्या चुकीचा. अडीच हजारांचा हलका ट्रायपॉड आणला. पूर्ण झूमवर वाऱ्याची झुळूक आली तरी चौकट डुलायची. तीन पाय उघडून, खिट्ट्या लावून होईपर्यंत पक्षी पलीकडच्या काठावर. तो ट्रायपॉड आता सोसायटीच्या गणपतीत आरतीचं चित्रीकरण करणारा मोबाइल धरतो, आणि ते काम चोख करतो. त्याच्या जागी आलेली गोष्ट फुकटची होती: उशीच्या जुन्या अभ्र्यात भरलेली दोन किलो ज्वारी. बंधाऱ्याच्या दगडावर नाहीतर गाडीच्या खिडकीत अभ्रा ठेवायचा, त्यात कॅमेरा रुतवायचा. अभ्रा नसेल तेव्हा कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवायची. तोवर बाई मागच्या पडद्यात बघत कॅमेरा आरती ओवाळल्यासारखा हातभर पुढे धरायच्या.

मग फोकस. कॅमेरा स्वतःहून नऊ ठिकाणी फोकस शोधत होता आणि त्याला सगळ्यात जवळची, सगळ्यात ठसठशीत गोष्ट आवडायची, म्हणजे बहुधा गवताची काडी. तो मधल्या एकाच लहान चौकोनावर आणला. फोकसची खोली, म्हणजे किती पट्टा स्वच्छ येतो, याचं गणितही झालं: वीस मीटरवर, पूर्ण झूमला, पुढे-मागे मिळून अर्ध्या मीटरच्याही आत. फांदीच्या आत बसलेला पक्षी का बिघडतो ते बाईंना या एका आकड्याने समजलं. माझ्या आधीच्या तासभर बोलण्याने समजलं नव्हतं.

पक्षी सापडतच नाही ही तक्रारही गणितानेच सुटली. १३६५ मिलिमीटरला वीस मीटरवरची चौकट अर्ध्या मीटरच्या जरा वर भरते. “म्हणजे मी नळीतून बघतेय,” बाई म्हणाल्या. नळीतून शोधायचं नसतं. आधी झूम मागे, पक्षी मधोमध, मग झूम पुढे. त्यांच्या कॅमेऱ्याला लेन्सच्या डाव्या अंगाला एक छोटं बटण आहे. ते दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, सोडलं की पुन्हा पुढे जातो. तीन महिने ते बटण कशाचं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. डिजिटल झूम मात्र कायमचा बंद केला. तो फोटोचा मधला भाग कापून ताणतो, एवढंच, आणि ते घरी बसूनही करता येतं.

उजेडाचं त्यामानाने लवकर जमलं. गडद पाण्यासमोरच्या पांढऱ्या बगळ्याला एक्सपोजर (फोटोत घ्यायचा उजेड) पाऊण ते एक पायरी कमी, आभाळासमोरच्या काळ्या कोतवालाला एक पायरी जास्त. कॅमेऱ्याला सगळं जग करडं करायचं असतं, त्याला उलटं ओढायचं.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, फोटो काढा, हा माझा दुसरा चुकलेला सल्ला. फाइली जड, जुना लॅपटॉप कण्हायला लागला, कॅमेरा प्रत्येक बर्स्टनंतर, म्हणजे सलग फोटोंच्या फैरीनंतर, विचारात पडायचा. महिना वाया गेला, बाई वैतागल्या आणि परत जेपीईजीवर आल्या. शिकतानाच्या काळात रॉचा आग्रह धरू नये असं आता माझं स्पष्ट मत आहे.

कवडीपाटचा बंधारा

फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत हललेल्यांचे आणि चुकलेल्या फोकसचे रकाने रोडावले. ‘फार लांब’ मात्र फुगला.

कवडीपाट पुणे-सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या अलीकडे. मुळा-मुठेवरचा जुना बंधारा, पात्रात खडक, अधूनमधून जलपर्णी आणि शहराने वाहून पाठवलेलं प्लास्टिक. पहिल्यांदा येणारा नाकाला रुमाल लावतो. तरीही हिवाळ्यात इथे चक्रवाक उतरतात, शेकाट्या लाल पायांनी पाणी मोजत फिरतात, तुतवार आणि धोबी दगडादगडावर असतात. नवशिक्यासाठी पुण्याजवळ याहून सोयीची जागा मला माहीत नाही, कारण पक्षी उघड्यावर असतात आणि माणसांना सरावलेले असतात.

बाई करत होत्या ते सगळेच करतात. पक्षी दिसला की त्याच्याकडे चालायचं. तो उडायचा, त्या पुन्हा चालायच्या. सकाळभर पक्षी आणि बाई यांच्यात साठ-सत्तर मीटरचं अंतर कायम राहायचं, आणि तेवढ्या अंतरावर धोब्याच्या वाट्याला चौकटीचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. वीस मीटरवर तोच धोबी चौकटीचा एक तृतीयांश व्यापतो. हा फरक झूमने भरून निघत नाही. झूम संपलेला असतो.

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही चालायचं नाही असं ठरवलं. काठावरच्या एका वाळक्या बोरीपासून पंधरा-सतरा मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन, बाई प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसल्या. जमिनीवर बसणं गुडघ्यांना झेपत नाही. बोरीच्या बाहेर आलेल्या एका फांदीवर वेडा राघू ठरून येत होता. त्याची रीत अशी की तो फांदीवरून सुटतो, हवेत किडा पकडतो आणि फिरून बहुतेक त्याच फांदीवर येतो. बाईंनी तो नसतानाच रिकाम्या फांदीवर फोकस करून ठेवला. तो आला. चोचीत मधमाशी. डोकं एका बाजूला कलतं करून त्याने ती फांदीवर आपटली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग टोकाकडून घासली. नांगी काढल्याशिवाय तो गिळत नाही. बाईंचं बोट शटरवर होतं, पण त्या दाबायच्या विसरल्या. तो गिळून पुन्हा उडाला तेव्हा त्यांनी श्वास सोडला. “अरे, हा धुणं धुतोय की काय!”

पुढच्या पाऊण तासात तो नऊ वेळा त्याच फांदीवर आला. सातव्या खेपेचा फोटो आज बाईंच्या हॉलमध्ये आहे. डोळ्यात उन्हाचा ठिपका, चोचीत माशीचे पंख उघडे, आणि मागचं पाणी इतकं लांब की त्याची नुसती निळसर साय झालेली. लहान सेन्सरवर पार्श्वभूमी आपोआप विरघळत नाही, ती लांब ठेवावी लागते. बुटक्या स्टुलावर बसल्याने ती लांब गेली. उभं राहून काढला असता तर राघूच्या मागे चिखल आणि एक पिशवी आली असती.

भिगवणची फेरी

होळीच्या आधीच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा खरेदीचा विषय काढला. भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, त्या मैत्रिणींबरोबर जाऊन आल्या होत्या. बोट साडेदहाला निघाली. रोहित पक्षी भरपूर होते, आणि एकूण एक फोटो उकळत्या पाण्यातून काढल्यासारखा. १/१००० शटर, फोकस बरोबर, तरीही. रकाना सापडेना.

हा हवेचा दोष. ऊन चढलं की पाण्यावरची आणि मातीवरची हवा तापून थरथरते, आणि लांबचं जितकं जवळ आणाल तितकी ती थरथर मोठी होते. मी हे सांगितलं असतं तर कदाचित पटलं नसतं. पण बोटीत शेजारी एक गृहस्थ मोठी पांढरी लेन्स घेऊन बसले होते आणि बाईंनी त्यांच्या पडद्यात डोकावलं होतं. “त्यांचेही रोहित तसेच वितळलेले. मग मी दीड लाख कशाला देऊ?” दुसरा निर्णयाचा क्षण हा, आणि त्यात माझा वाटा शून्य. पुढच्या खेपेला त्या आदल्या रात्री मुक्कामाला गेल्या आणि उजाडताच बोटीत बसल्या. वहीत नवा रकाना आला: हवा.

टिटवी

एक प्रसंग फोटोंच्या हिशोबात बसत नाही. एप्रिलमध्ये, टेकडीच्या पायथ्याच्या मोकळ्या माळावर, टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. बाई खूश. पक्षी इतका जवळ कधीच आला नव्हता, आणि उडत्या पक्ष्याचा एकही धड फोटो त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी बर्स्ट सुरू केला. मीही दोन मिनिटं बघत राहिलो, हे कबूल करतो. मग ती समोर उतरून पंख ओढत चालायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंडी जवळ होती. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खळग्यात अंडी घालते. एप्रिलच्या उन्हात पक्षी त्यांच्यावर बसतो तो ऊब द्यायला कमी आणि सावली करायला जास्त. पोटाची पिसं भिजवून आणून तो अंडी गारही ठेवतो. आम्ही उभे होतो तेवढा वेळ ती उन्हात होती.

आल्या वाटेने, पायाखाली बघत, आम्ही मागे फिरलो. बाईंनी घरी येऊन ते फोटो पाहिले. त्यांतला एक खरोखर चांगला होता. तो त्यांनी कुठे दाखवला नाही, पुसलाही नाही. वहीत त्यासमोर कुठल्याच रकान्यात खूण नाही.

निष्पन्न

होळी होऊन गेली, मोठा कॅमेरा आला नाही. मे महिन्यात बाईंनी पुन्हा दोनशे फोटो तपासले. ‘ठीक’चा रकाना जानेवारीत दहा-बाराचा होता, तो सत्तरच्या पुढे गेला. त्यातले भिंतीवर लावावेत असे पाच-सहा, बाकीचे पक्षी ओळखायला आणि ईबर्डवर टाकायला पुरेसे. खर्च झाला तो ट्रायपॉडचा, जास्तीच्या एका बॅटरीचा आणि स्टुलाचा.

काही गोष्टी सुधारल्या नाहीत आणि या कॅमेऱ्यावर सुधारतील असं मला वाटत नाही. नदी सुरय पाण्यावरून वेगाने जातो तेव्हा फोकस त्याच्या मागे धापा टाकत राहतो. एका जागी फडफडत राहणारा कवड्या खंड्या जमला, कारण तो सूर मारण्याआधी हवेत थांबून वेळ देतो. दाट सावलीतला पक्षी अजूनही मातकट येतो. बाईंना उडते पक्षीच हवे असते तर मी स्वतः त्यांना मोठ्या कॅमेऱ्याच्या दुकानात घेऊन गेलो असतो. त्यांना बसलेला पक्षी काय करतो ते बघायचं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

फोटो पुसू नका, हे मी नोव्हेंबरातच सांगायला हवं होतं. कॅमेरा आला तेव्हा पेढे खाल्ले, पण फोटो दाखवा असं म्हणालो नाही. ते दोन-अडीच महिने परत येणार नाहीत.

ट्रायपॉड घेण्याआधी वहीतला पहिला रकाना बघायचा राहिला. ‘हात हलला’पेक्षा ‘पक्षी हलला’ जास्त होते, आणि पक्षी हलतो त्याला ट्रायपॉड काय करणार? आकडे समोर आल्यावरही मी सवयीने दिलेला सल्ला बदलला नाही. रॉचंही तसंच.

क्रमही उलटा लावला असता. आम्ही सेटिंगपासून सुरुवात केली आणि बसून वाट बघणं शेवटी आलं. मार्चमधल्या त्या एका सकाळी जेवढे ‘ठीक’ मिळाले तेवढे आधीच्या तीन आठवड्यांत मिळाले नव्हते. बाईंचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते सेटिंग हाताला बसलेली नसती तर राघू नऊ वेळा आला काय आणि नव्वद वेळा आला काय, त्यांच्याकडे नव्वद हिरवे डाग जमले असते. यावर आमचं अजून एकमत नाही.

टिटवीच्या बाबतीत दुमत नाही. पक्षी स्वतःहून जवळ येऊन ओरडत असेल तर आधी खाली बघायचं. हे मला माहीत होतं, बाईंना नव्हतं, म्हणून ती दोन मिनिटं माझ्या नावावर.

शेवग्यावरच्या शिंजिराचा फोटो अजून झालेला नाही. बाल्कनी पश्चिमेला आहे, तो सकाळीच येतो आणि झाड तेव्हा इमारतीच्या सावलीत असतं. नातवाने मागच्या महिन्यात फोनवर विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “तूच ये सुट्टीत, दाखवते.”